संगणकात वाढवलेले, संगणकातच पुरलेले अमोनाइट: प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

जीवाश्मातला प्राणी संगणकात वाढवून बघायच्या प्रकल्पाला नाव अजून नाही, पण प्राणी ठरला: अमोनाइट, वेटोळ्या शंखाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी. डायनोसॉर घेतला असता तर बघायला चार माणसं जास्त आली असती. पण डायनोसॉरच्या मॉडेलमध्ये जे कळीचं असतं तेच जीवाश्मात नसतं. स्नायू केवढे, त्यांची ताकद किती, कंडरा किती ताणल्या जातात, हे सगळं अंदाजाने भरावं लागतं. विल्यम सेलर्स आणि फिलिप मॅनिंग यांनी २००७ मध्ये टायरॅनोसॉरसला संगणकात पळवलं, तेव्हा वेग सेकंदाला ८ मीटरच्या आसपास आला. २०१७ मध्ये सेलर्स यांच्याच गटाने हाडांवर येणारा ताणही हिशेबात धरला आणि तोच प्राणी पळेनासा झाला. चालण्यापलीकडे गेला की पायाची हाडं टिकत नाहीत. एक अट वाढली आणि उत्तर पार बदललं.

अमोनाइट शंखाच्या तोंडाशी नवी भर घालत वाढतो. जुना भाग मोडून पुन्हा बांधत नाही. त्यामुळे मोठ्या शंखाच्या आत त्याचं बालपण जसंच्या तसं राहतं. सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी आले, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या सुमारास संपले, आणि मधल्या काळात समुद्री खडकांत इतके विखुरले की थरांचं वय ठरवायला त्यांचाच आधार घेतात. मऊ शरीराबद्दल फार थोडं ठाऊक आहे, ही अडचण आहेच.

कामाची वाटणी: जीवाश्मांची बाजू मॅडम बघणार, कोडची मी.

१५ जून

पुराजीवशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांचं शंखाच्या आकाराचं मॉडेल लिहून झालं. शंखाचा आकार लॉगरिदमिक सर्पिल असतो हे हेन्री मोझले यांनी १८३८ मध्येच गणिताने मांडलं होतं. राउप यांनी १९६० च्या दशकात ते मोजक्या प्राचलांवर, म्हणजे आकार ठरवणाऱ्या आकड्यांवर, आणलं. शंखाचं तोंड एका अक्षाभोवती फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात ठरावीक पटीने मोठं होतं, ती पट म्हणजे डब्ल्यू. तोंडाची आतली कड अक्षापासून किती दूर आहे, बाहेरच्या कडेच्या तुलनेत, ते डी. अक्षाच्या दिशेने सरकणं म्हणजे टी. नेहमीच्या अमोनाइटात ते शून्य, कारण सगळे वेढे एकाच प्रतलात. चौथा प्राचल म्हणजे तोंडाचा आकार.

कोड जेमतेम पानभर. प्रत्येक पायरीला तोंडाच्या कडेवर ६४ बिंदू काढायचे, लागोपाठच्या कड्या त्रिकोणांनी जोडायच्या, मेश (त्रिकोणांचं जाळं) तयार. डब्ल्यू २ ठेवला की पाच फेऱ्यांत त्रिज्या ३२ पट होते, त्यामुळे सुरुवातीचे वेढे पडद्यावर ठिपक्याएवढे दिसतात. राउप आणि मायकेलसन यांनी १९६५ मध्ये ही चित्रं अॅनालॉग संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून काढली होती. नॉब फिरवला की शंख बदलायचा. आपण स्लायडर बसवला. साठ वर्षांत तेवढाच फरक.

२२ जून

एक गोष्ट कागदावर मांडून ठेवतो, पुढे लागेल. बाहेरच्या कडेची त्रिज्या आर असेल, तर एक फेरा आधी ती आर भागिले डब्ल्यू होती. आजच्या वेढ्याची आतली कड डी गुणिले आर इथे आहे. ती आधीच्या वेढ्याच्या बाहेरच्या कडेपेक्षा आत असेल तर वेढे एकमेकांवर चढतात. म्हणजे डी हा १ भागिले डब्ल्यूपेक्षा लहान हवा. डब्ल्यू २.५ आणि डी ०.५ घेतलं तर सीमा ०.४ वर येते, वेढे सुटतात आणि मधून पाणी खेळतं.

राउप यांनी १९६७ मध्ये अमोनाइटांच्या ४०० हून अधिक जाती डब्ल्यू आणि डी यांच्या आलेखावर मांडल्या. जवळजवळ सगळ्या ‘डी बरोबर १ भागिले डब्ल्यू’ या रेषेच्या एकाच बाजूला, वेढे चिकटलेल्या. पलीकडचा भाग गणिताला मान्य, निसर्गाने मात्र क्वचितच वापरलेला. तो रिकामा का, याला आलेख उत्तर देत नाही. तसा शंख कमजोर असेल, पोहायला वाईट असेल, तिथवर पोचायची वाट नसेल, किंवा नुसता योगायोग असेल. पुढचे सगळे मॉड्यूल (कोडचे भाग) यातले पर्याय एकेक करून तपासायला आहेत. रंगीत थ्री-डी शंख सगळ्यांना आवडतात, पण सुंदर मेशने अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

६ जुलै

शंख पाण्यात सोडला.

मागचे कप्पे पडद्यांनी बंद आणि बहुतांशी वायूने भरलेले, प्राणी फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात. तरंगून राहायचं तर शंख, शरीर आणि कप्प्यांतलं उरलंसुरलं पाणी यांचं मिळून वजन बाजूला सारलेल्या समुद्राच्या पाण्याएवढं व्हायला हवं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२६ धरली, शरीराची १.०५, शंखाची २.६. अज्ञात एकच ठेवला: राहता कप्पा वेढ्याचा किती भाग व्यापतो. शंखाची जाडी दिली की कोड तो कोन शोधतो.

आकारमान काढायला मेशचे त्रिकोण मूळबिंदूशी जोडून चतुष्फलकांची चिन्हांसहित बेरीज केली. त्यासाठी मेश पूर्ण बंद लागते आणि सगळ्या त्रिकोणांची दिशा एकच असावी लागते. एकमेकांत घुसलेल्या वेढ्यांनी इथे चांगलाच वेळ खाल्ला, कारण सामाईक भिंत दोनदा मोजली जाते. आता प्रत्येक वेढ्यातून आधीच्या वेढ्याचा भाग वजा करूनच पुढे जातो.

निकाल पाहायला मजा आली. जाडी वाढवली की कप्प्यांतला वायू जास्त भार उचलतो, प्राण्याला जागा कमी उरते. राहता कप्पा लहान असला की गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या (पाण्याचा वर ढकलणारा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) बराच खाली राहतो, शंख स्थिर. तो एका वेढ्याहून लांब झाला की वजन सगळीकडे पसरतं, दोन्ही केंद्रं जवळ येतात, आणि थोडा धक्का बसला तरी शंख डोलतो. शंखाचं तोंड कुठल्या दिशेला राहील तेही यावरच ठरतं. आर्थर ट्रुमन यांनी १९४१ मध्ये हेच कागदावर आणि प्रतिकृतींवर करून दाखवलं होतं. दोन केंद्रांतलं अंतर भागिले आकारमानाचं घनमूळ, हा स्थिरतेचा निर्देशांक आता प्रत्येक शंखाबरोबर साठवला जातो.

१४ जुलै

खऱ्या नमुन्यांच्या सीटी स्कॅनवरून प्राचलं काढायचा भाग सुरू. मॉर्फोसोर्ससारख्या संग्रहांत अशा फाइली मिळतात, मात्र वापराच्या अटी प्रत्येक नमुन्याच्या वेगळ्या असतात. दगडात दबून चपटे झालेले नमुने वगळतो आहे. स्कॅनमध्ये गाळाने भरलेला कप्पा आणि शंखाची भिंत यांचा राखाडी रंग जवळजवळ सारखाच, म्हणून सीमारेषा हाताने काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम. जास्त लिहिण्यासारखं नाही.

४ ऑगस्ट

राउप यांचं मॉडेल जिथे थांबतं तिथे आलो. प्राण्याचं नाव निप्पोनायटीस मिराबिलिस. हिसाकात्सु याबे यांनी १९०४ मध्ये जपानमधून त्याचं वर्णन केलं. उत्तर क्रिटेशस काळातला, नेहमीच्या वेढ्यांऐवजी इंग्रजी ‘यू’सारखी वळणं घेत स्वतःभोवतीच गुंतत जाणारा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, या प्राण्याला काही रोग झाला असणार. पण पुढे सापडलेल्या नमुन्यांतही गुंता तोच आणि त्याच क्रमाने आलेला. रोगाला इतकी शिस्त नसते.

राउप यांच्या मॉडेलमध्ये अक्ष स्थिर असतो, म्हणून तिथे हा आकार बसतच नाही. ताकाशी ओकामोतो यांनी १९८८ मध्ये अक्षच काढून टाकला. त्यांच्या मॉडेलमध्ये शंख म्हणजे वाढती नळी, आणि सगळे निर्णय नळीच्या टोकाशी होतात: किती रुंद व्हायचं, किती वाकायचं, किती पिळायचं. पुढचं पाऊल टाकणाऱ्याला अख्ख्या शंखाचा नकाशा लागत नाही. प्राण्यालाही तो ठाऊक नव्हता, म्हणून हे मॉडेल मला जास्त प्रामाणिक वाटतं.

त्यांचा दुसरा मुद्दा अजून भारी. नळी वाढते तसं वजन सरकतं, शंख पाण्यात फिरतो, आणि तोंडाची दिशा बदलते. समजा, तोंड एका ठरावीक कोनाच्या मर्यादेत ठेवायची प्राण्याची धडपड आहे. तोंड वरच्या मर्यादेपलीकडे गेलं की पिळण्याची दिशा बदलायची, खालच्या मर्यादेपलीकडे गेलं की पुन्हा बदलायची. एवढ्या एका नियमातून निप्पोनायटीसचा गुंता तयार होतो.

६ जुलैचं मॉड्यूल इथे जोडलं: प्रत्येक पायरीला दोन्ही केंद्रं नव्याने काढायची, शंख फिरवायचा, तोंडाचा कोन मोजायचा, मग पुढची पायरी. हळू चालतं, पण चालतं. मर्यादा सैल ठेवल्या तर नळी साध्या स्प्रिंगसारखी गुंडाळत जाते, युबोस्ट्रायकोसेरससारखी, ज्याला निप्पोनायटीसचा पूर्वज मानतात. मर्यादा आवळत नेल्या की बराच वेळ काही होत नाही. स्प्रिंग थोडी ढिली, थोडी घट्ट, एवढंच. मग एका टप्प्यावर दिशा बदलायला लागते आणि पडद्यावर एकदम गुंता. मधला आकार नाही. ओकामोतो यांनी हेच म्हटलं होतं: आतल्या प्राचलात बारीकसा बदल, बाहेरच्या आकारात उडी.

मॅडमना स्क्रीन दाखवली. बराच वेळ स्लायडर मागेपुढे करत बसल्या. मग म्हणाल्या, “दोन्ही शंख माझ्यासमोर टेबलावर ठेवले असते तर मी दोन वेगळ्या प्रजाती लिहून मोकळी झाले असते. मधले दुवे हरवलेत असंही लिहिलं असतं.”

हे वाक्य डोक्यात राहिलं.

१८ ऑगस्ट

पाण्याच्या प्रवाहाचं पूर्ण सिम्युलेशन करायचं नाही असं ठरलं. एका शंखासाठी ठीक, हजारो पिढ्यांसाठी परवडणार नाही. नेमक्या प्रश्नासाठी हे साधन जबरदस्त आहे. ट्रायब्रॅकिडियम हा सुमारे ५५.५ कोटी वर्षांपूर्वीचा, तीन वळणदार भुजांचा चकतीसारखा जीव. आजच्या कुठल्याही प्राण्याशी त्याचं साम्य नाही, त्यामुळे तुलना करून काही कळण्याची सोय नव्हती. इम्रान रहमान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याच्या डिजिटल प्रतिकृतीवरून पाणी वाहवलं. पाणी वरच्या ठरावीक खळग्यांकडे वळत होतं. पाण्यातले कण गाळून खाणाऱ्या जीवाला जुळेल असं. हा जीव कसा खात असेल याचे दोन-तीन पर्याय आधी मांडलेले होते आणि प्रवाहाने त्यांतून निवड केली, म्हणून तो अभ्यास पटतो.

आम्ही साधा नियम वापरणार: डेव्हिड जेकब्स यांच्या १९९२ च्या कामानुसार लहान आकार आणि मंद वेग असेल तर फुगीर शंख फायद्याचा, मोठा आकार आणि जास्त वेग असेल तर चपटा.

२५ ऑगस्ट

उत्क्रांतीचा लूप. लोकसंख्या ५००, प्रत्येक जीवाकडे वाढीच्या प्राचलांची यादी, पुनरुत्पादनात थोडं उत्परिवर्तन, मग निवड. सांगाडा तयार आहे, पण निवडीबद्दल मन साशंक आहे. चपट्या शंखाला गुण द्यायचे आणि शेवटी चपटे शंख आले म्हणून खूश व्हायचं, याला निकाल म्हणवत नाही. जे बक्षीस ठेवलं तेच मिळालं.

ख्रिस लँग्टन यांनी १९८७ मध्ये लॉस अलामोसला कृत्रिम जीवनावरची पहिली कार्यशाळा भरवली, तेव्हापासून या क्षेत्राला हा प्रश्न चिकटलेला आहे. माझ्या मते त्यातून सुटण्याची चांगली वाट अविडा या डिजिटल जीवांच्या सॉफ्टवेअरने दाखवली. लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अदामी यांच्या २००३ च्या प्रयोगात डिजिटल जीवांच्या ५० वसाहतींपैकी २३ मध्ये एक गुंतागुंतीची तार्किक क्रिया उत्क्रांत झाली. सोप्या क्रियांना बक्षीस देणं बंद केलं, तेव्हा एकाही वसाहतीत ती आली नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती वंशावळ. पहिल्या पूर्वजापासून प्रत्येक उत्परिवर्तन नोंदलेलं, त्यात त्या वेळी नुकसान करणारी पण पुढे उपयोगी पडलेली उत्परिवर्तनंही. दगडातून असं काही कधीच मिळणार नाही.

रेव्होसिम हे गारवुड, स्पेन्सर आणि सटन यांचं २०१९ चं सॉफ्टवेअर थेट पुराजीवशास्त्राच्या प्रश्नांसाठीच बनवलेलं आहे. ते वापरायचा मोह झाला होता, पण त्यातल्या जीवांना शंख नाही.

आधी निवड पूर्ण बंद करून चालवायचं ठरलं. राउप, गूल्ड, शॉफ आणि सिम्बरलॉफ यांनी १९७३ मध्ये नुसत्या यदृच्छेने, म्हणजे नाणेफेकीसारख्या योगायोगाने, वंशवृक्ष वाढवले, तेव्हा फुगणारे आणि ओसरणारे असे गट दिसले की बघणाऱ्याने प्रत्येकासाठी एक कारण शोधलं असतं. यदृच्छेने किती काही ‘घडतं’ ते आधी माहीत हवं.

८ सप्टेंबर

मॅडमनी निकालांचे आलेख पाहिले आणि सरळ विचारलं, “हे सगळे जीव जीवाश्म होणार होते का?”

नाही. बहुतेक कुठलेच नाहीत. आणि इथे प्रकल्पाचा रोख बदलला. आतापर्यंत खऱ्या जीवाश्मांवरून मॉडेलची परीक्षा चालली होती. पण मॉडेलमध्ये खरा इतिहास संपूर्ण माहीत आहे. मग हे जीव पुरायचे, थोडेच सापडू द्यायचे, आणि नेहमीच्या पद्धती लावून इतिहास वाचायचा. वाचलेला इतिहास आणि घडलेला इतिहास शेजारी ठेवले की परीक्षा पद्धतींचीच होईल. खडकांत हे करता येत नाही, कारण तिथे उत्तरपत्रिका कुणाकडेच नसते.

दफन मॉड्यूलचा आराखडा: गाळ साचण्याचा वेग बदलता, मधे खंड, काही वेळा साचलेला गाळ वाहूनही जातो. प्रत्येक जातीला आवडती खोली, समुद्राची पातळी बदलली की ती जात त्या ठिकाणाहून हलते, नामशेष न होताही. पीटर सॅडलर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की जितका लांब कालखंड मोजावा तितका गाळ साचण्याचा सरासरी वेग कमी दिसतो, कारण लांब कालखंडात मोठे खंड सापडतातच. म्हणून खंडांच्या लांबीत लहान पुष्कळ आणि मोठे थोडे असं वाटप घेतलं.

२९ सप्टेंबर

पहिली चाचणी: सगळ्या जाती एकाच क्षणी मारून टाकल्या.

खडकात मात्र त्या एकेक करत गेल्याचं दिसतं. सिग्नॉर आणि लिप्स यांनी १९८२ मध्ये सांगितलेला परिणाम हाच: दुर्मिळ जातीचा शेवटचा सापडलेला नमुना तिच्या खऱ्या शेवटाच्या बराच आधीचा असतो. हिशेब साधा आहे. एखादी जात एका थरात सापडण्याची शक्यता १० टक्के असेल, तर शेवटच्या सापडलेल्या नमुन्यानंतर सरासरी ९ थर ती जिवंत असूनही दिसत नाही. विपुल जाती सीमारेषेपर्यंत पोचतात, दुर्मिळ आधीच ‘संपतात’, आणि आलेखावर सावकाश होणारी पडझड उमटते. अमोनाइट महाविनाशाच्या आधीपासूनच घटत होते का, हा वाद वाचताना हा आलेख समोर असावा.

दुसरी चाचणी याच्या उपायाची. स्ट्रॉस आणि सॅडलर यांचं १९८९ चं सूत्र सापडलेल्या थरांच्या संख्येवरून जातीचा काळ किती पुढे वाढवावा ते सांगतं. १० थरांत सापडली असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी दिसलेल्या कालावधीच्या सुमारे ४० टक्के भर घालायची. ५ च थरांत असेल तर भर दिसलेल्या कालावधीहूनही मोठी, १११ टक्क्यांच्या आसपास. नमुने थरांत समान यदृच्छेने पसरलेत हे या सूत्राचं गृहीतक. गाळ एकसारखा साचवला तेव्हा सूत्राने शब्द पाळला. समुद्राची पातळी हलवली आणि प्रजाती खोलीनुसार सरकू दिल्या, तेव्हा खरा शेवट वारंवार त्या मर्यादेबाहेर गेला. ही मर्यादा कागदावर आधीच माहीत होती, पण आपल्याच पुरलेल्या शंखांबाबत ती बघणं वेगळं.

२० ऑक्टोबर

मॅडमचं ४ ऑगस्टचं, हरवलेल्या दुव्यांचं वाक्य पुन्हा तपासायला घेतलं.

दोन इतिहास तयार केले. पहिल्यात प्राचल सावकाश सरकत गेलं आणि आकार हळूहळू बदलला, पण नेमका बदलाचा काळ गाळातल्या मोठ्या खंडात गेला. दुसऱ्यात गाळ अखंड, मात्र प्राचल उंबरठा ओलांडून गेलं आणि स्प्रिंगचा गुंता झाला. नंतर दोन्ही पुरले. मॅडमना फक्त प्रौढ शंखांची मापं आणि थरांचे क्रमांक दिले. दोन्ही तक्ते सारखेच दिसतात: एक आकार बराच काळ टिकून, मग एकदम दुसरा. एल्ड्रेज आणि गूल्ड यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या चित्राशी दोन्ही जुळतात. जीन हंट यांनी २००७ मध्ये जीवाश्मांच्या २५० हून अधिक क्रमवार मालिका तपासल्या, तेव्हा एका दिशेने सरकणाऱ्या फक्त सुमारे ५ टक्के निघाल्या. उरलेल्या यदृच्छ चाली (दिशा नसलेली भटकंती) किंवा स्थैर्य. असे आकडे वाचताना यापुढे मी आधी विचारणार की मोजलंय काय, आकार की वाढ.

कारण मॅडमनी मापं परत केली आणि कापलेले शंख मागितले. “आतले वेढे द्या, मग सांगते.”

दफन मॉड्यूल आता प्रत्येक सापडलेल्या शंखाची पूर्ण वाढरेषा ठेवतं, वाकणं आणि पिळणं पायरीपायरीने. त्यावरून फरक दिसतो. खंडाच्या इतिहासात वाढीची प्राचलंच थराच्या सीमेवर तुटतात. खालच्या आणि वरच्या थरांतल्या मूल्यांमध्ये रिकामी जागा राहते. उंबरठ्याच्या इतिहासात आकार उडी मारतो, पण प्राचलं सलग राहतात, आणि सीमेजवळच्या एकाच थरात दोन्ही आकार मिळतात. काही शंख तर सुरुवातीला स्प्रिंगसारखे आणि तोंडाकडे दिशा बदलायला लागलेले. थर हरवले तरी हा पुरावा एकेका शंखाच्या आत शिल्लक असतो.

अट एकच, शंख आतपर्यंत वाचता यायला हवा. चुरगळलेल्या नमुन्यांत ते जमणार नाही. पुढचं काम म्हणून वाढरेषेत मुद्दाम तुटकपणा आणि मोजमापाची चूक घालायची आहे, आणि किती खराब नमुन्यापर्यंत दोन्ही इतिहास वेगळे ओळखू येतात ते बघायचं आहे. निवड अजूनही बंदच ठेवली आहे.